दोन कोटी एकतीस लाख पासष्ट हजार एकोणसाठ

सकपाळ सरांना जाऊन आता आठ महिने होतील. शाळेत त्यांची शोकसभा झाली तेव्हा सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कारण मी मराठीची शिक्षिका, आणि लग्न, मयत, झेंडावंदन, कशालाही बोलायला मराठीचीच शिक्षिका लागते असा आमच्या संस्थेचा समज आहे. बोलायला आलेल्या पहिल्या माणसानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मी एकशे एकोणऐंशी." मग मागच्या बाकावरून एक बाई उठली. "मी नऊशे सात." बाहेरून आलेले दोन पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना बहुधा वाटलं असेल, हे सगळे तुरुंगात एकत्र होते.

मला गणित आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत असताना आवडलं नाही आणि एकवीस वर्षं एका गणिताच्या मास्तरच्या शेजारच्या खुर्चीवर बसूनही आवडलं नाही. पण ती एक संख्या मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगीन.

आमची शाळा महाडहून वरंधकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाचं नाव सांगून काही उपयोग नाही, गाडी तिथं हात दाखवल्याशिवाय थांबत नाही. पाच खोल्या, एक वऱ्हांडा, मागे डोंगर. खालच्या वाड्यांतली शेतकऱ्यांची मुलं आणि वरच्या धनगरवाड्यांवरून दीड-दोन तास उतरून येणारी मुलं, असा आमचा पट. सकपाळ सर शाळा सुरू झाली तेव्हापासूनचे. त्यांची पहिली दहावी आठ मुलांची होती. गणिताच्या पहिल्या तासाला त्यांनी त्या आठही मुलांना एकेक अंक बोलायला सांगितला आणि तो फळ्यावर लिहीत गेले. दोन, तीन, एक, सहा, पाच. सहावा मुलगा लाजून शून्य म्हणाला. मग परत पाच. शेवटच्या मुलीनं चार म्हटलं, तर सर म्हणाले, "चार नको गो, लगेच तुटंल. दुसरा सांग." ती नऊ म्हणाली. झाली संख्या. दोन कोटी एकतीस लाख पासष्ट हजार एकोणसाठ.

"ही आपल्या शाळेची," सर म्हणाले. "आता बघायचं, हिला कुणी तोडतो का."

जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. जिला जातो ती संयुक्त. एवढं मलाही येतं. आपली संख्या कुठली, हे शोधायचं तर तिला एकेका मूळ संख्येनं भागून बघायचं. सगळ्या संख्यांनी भागावं लागत नाही, चार हजार आठशे तेरापर्यंत गेलं की पुरतं, असं सरांनी मला एकदा समजावलं होतं. का पुरतं ते मी ऐकलं आणि विसरले. चार हजार आठशे तेरापर्यंत मूळ संख्या आहेत सहाशे अठ्ठेचाळीस. म्हणजे सहाशे अठ्ठेचाळीस भागाकार. सुरुवातीचे सोपे सरांनी फळ्यावर करून दाखवले. अंकांची बेरीज एकतीस येते म्हणून तीन गेला, सातानं भागलं तर एक उरतो म्हणून सात गेला. पुढचे मुलांकडे.

प्रथा अशी पडली की दहावीच्या प्रत्येक मुलानं शाळा सोडण्याआधी आपल्या वाट्याचा भाजक घ्यायचा, घरी बसून भागाकार करायचा, आणि सरांच्या लाल वहीत लिहायचा. भाजक, बाकी, सही. बाकी उरली तर सर तपासत नसत. "शून्य आलं तरच मी बघीन. उरलंय म्हणून सांगितलंस तर माझा तुझ्यावर विश्वास." सव्वीस वर्षं हे चाललं. कॅल्क्युलेटर चालणार नाही, मोबाइल तर अजिबात नाही. एक जुना विद्यार्थी मुंबईहून गणपतीला आला होता, त्यानं स्टाफरूममध्ये खिशातून फोन काढला. "सर, टेन्शन कशाला? दो सेकंद का काम आहे, आत्ता चेक करतो." सरांनी त्याच्या फोनवर तळहात ठेवला. "तू तुझा भागाकार केला होतास ना? मग झालं तुझं. बाकीच्यांचा त्यांना करू दे." तो बिचारा फोन खिशात घालून चहा प्यायला. मला कधीकधी वाटतं, इतक्या वर्षांत कुणीतरी एकट्यानं बसून फोनवर बघितलंच असेल. बघितलं असेल आणि गप्प राहिलं असेल.

सर दिसायला अगदी साधे. उंच, पाठीत थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेले खडूचे तुकडे. नवीन खडू ते कधी घेत नसत, दुसऱ्यांनी टाकलेल्या तुकड्यांवर त्यांचं वर्ष निघायचं. चहा बिनसाखरेचा. मुलांवर हात उगारलेला मी पाहिला नाही. उत्तर चुकलं तर फक्त "हं. पुढे," म्हणायचे. पण त्यांच्या भुवया त्यांच्या ताब्यात नव्हत्या. बरोबर उत्तर जवळ आलं की त्या वर चढायच्या. मुलांना हे पहिल्या आठवड्यात कळायचं. "सात?" भुवया जागेवर. "आठ?" भुवया वर. "आठ सर!" निम्मा वर्ग फळ्याकडे न बघता सरांच्या कपाळाकडे बघून गणित करायचा. मी एकदा त्यांना हे सांगितलं. त्यांना पटलंच नाही. म्हणाले, "काहीतरीच काय बाई."

माणसांना ते नावानं कमी आणि भाजकानं जास्त ओळखत. आमच्या गाडीचा एक कंडक्टर शाळेचाच विद्यार्थी. सर पायरीवर पाय ठेवतानाच ओरडायचे, "आठशे सत्तावन्न! बाकी तीनशे एकोणपन्नास!" आणि तो भरल्या गाडीत लाजून तिकिटं फाडत बसायचा. महाडच्या बाजारात, दवाखान्यात, तहसील कचेरीच्या रांगेत, कुठंही त्यांना कुणी ना कुणी भाजक भेटायचाच. चेहरा विसरतील, आडनाव विसरतील, पण भाजक आणि बाकी कधी चुकली नाही. ज्यांना जगात दुसऱ्या कुणी कशासाठी लक्षात ठेवलं नव्हतं, त्यांना फार बरं वाटायचं ते. कंडक्टरलाही वाटायचंच, लाजला तरी.

आणि त्यांच्या त्या प्रतवाऱ्या! सहाला स्वतःखेरीज एक, दोन आणि तीननं भाग जातो, त्यांची बेरीज पुन्हा सहाच, म्हणून सहा ही परिपूर्ण संख्या. बाराच्या अशा भाजकांची बेरीज सोळा होते, बारापेक्षा जास्त, म्हणून बारा विपुल. आठाची सातच भरते, म्हणून आठ न्यून. हे शिकवताना ठीक आहे, पण ते स्टाफरूममध्येही सुरू व्हायचं. मुख्याध्यापक विपुल, कारण बोलतात त्याचा अर्थ कमी आणि पसारा जास्त. आमचा शिपाई न्यून. मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही मूळ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुणानंही स्वतःला भाग जाऊ देत नाही."

ही स्तुती होती की टोमणा, ते मी त्यांना विचारलं नाही. आता विचारताही येणार नाही.

दहावीचा पट किती, यावरही त्यांचं भाष्य असायचं. एका वर्षी अठ्ठावीस मुलं आली, अठ्ठावीस परिपूर्ण, तर त्यांनी स्टाफला पेढे दिले. मग पट उतरायला लागला. वाड्यांवरची घरं कुलपं लावून मुंबईला, पनवेलला निघाली. तेवीस झाला, सतरा झाला, तेरा, अकरा. "सगळ्या मूळ संख्या लागल्यात," सर म्हणायचे, "कबड्डीचे संघ पडत नाहीत." एकेका मुलाच्या वाट्याला चार-चार, पाच-पाच भाजक यायला लागले. आम्हीही सगळे थकलो होतो. ऑनलाइन माहिती भरा, मतदारयाद्या करा, खिचडीचा हिशोब द्या, यू-डायसवर शाळेची आकडेवारी चढवा, आणि राहिलेल्या वेळात शिकवा. सरांच्या निवृत्तीच्या वर्षी दहावीत सहा मुलं होती. पहिल्या दिवशी हजेरी घेऊन ते स्टाफरूममध्ये आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सहा आहेत. परिपूर्ण." कुणीच हसलं नाही.

त्या सहा मुलांनी उरलेले सगळे भागाकार संपवले. चार हजार आठशे तेरा तेवढा राहिला, शेवटचा. तो सरांनी निरोपसमारंभासाठी ठेवला होता. जुनी मुलं येणार, सगळ्यांसमोर शेवटचा भागाकार फळ्यावर व्हायचा, आणि मग संख्या मूळ आहे असं जाहीर व्हायचं. संस्थेच्या अध्यक्षांनी तर फ्लेक्स छापायला टाकला. "आपली शाळा, आपली मूळ संख्या" असा मजकूर, मधोमध सरांचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा अध्यक्षांचा.

समारंभाला तीन आठवडे होते तेव्हा सुनीता ढेबे शाळेत आली. वरच्या धनगरवाड्यावरची मुलगी, सोळा वर्षांपूर्वीची दहावी, आता दोन मुलींची आई. लेकीच्या कसल्याशा कागदासाठी तिला स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. सर तासावर होते. मी दाखल्याचं बघत होते, तोवर ती भिंतीवरची समारंभाची सूचना वाचत उभी राहिली.

"बाई, सरांचा नंबर संपला काय?"

"एकच राहिलाय."

ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझी बाकी नाय उरली बाई."

"काय?"

"माझा पंधराशे तेचाळीस व्हता. काय उरलाच नाय. शून्य आला."

मी पेन खाली ठेवलं. "मग लिहिलं का नाहीस?"

"चार वेळा केला. चारी वेळा शून्य. सगळ्यांचा कायतरी उरला व्हता, माझाच नाय. म्हटलं माझाच चुकत असंल. आनि सर म्हनायचे, ही कुनाच्या बापाला तुटायची नाय. किती खूश व्हायचे ते. मी वाड्यावरची पोर, माझ्या हातनं तुटली म्हनून कसा सांगू? सतरा लिवला. आमची तवा सतरा शेरडं व्हती."

दार लोटून घेऊन मी माझा फोन काढला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. संख्या टाकली, भागिले पंधराशे त्रेचाळीस. उत्तर आलं पंधरा हजार तेरा. पुढं टिंब नाही, काही नाही.

मी तिला काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "गप्प बस. सोळा वर्षं गप्प होतीस, अजून तीन आठवडे बस. त्या माणसाला सुखानं घरी जाऊ दे."

"बाई, ते मला बाजारात बघतात नि वरडतात, पंधराशे तेचाळीस, बाकी सतरा! सगळ्या लोकांत. इतक्या मायेनं वरडतात. मी भाजी टाकून पळते."

"पळ अजून थोडे दिवस," मी म्हणाले आणि तिच्या हातात दाखला दिला.

ते तीन आठवडे माझे फार वाईट गेले. सर लाल वहीला नवीन कव्हर घालत होते. जुन्या मुलांना फोन करत होते, "ये रे, शेवटचा आहे." सव्वीस वर्षांत एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी म्हणून मागितली होती. बढती मागितली नाही, बदली मागितली नाही, आणि संस्थेनं तरी काय दिलं असतं. एकदा डबा खाताना मी म्हणाले, "सर, समजा ती संख्या संयुक्त निघाली तर?" त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "आता कशी निघेल बाई? एकच राहिलाय." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी लोणच्याची बाटली त्यांच्यापुढं सरकवली.

समारंभाला दोन दिवस असताना दुपारी शाळा सुटल्यावर सुनीता परत आली. दोन तास डोंगर उतरून, उन्हात, चप्पल हातात घेऊन. मी वऱ्हांड्यात तिला अडवायला उठले. ती माझ्याकडे न बघता सरळ दहावीच्या वर्गात गेली. सर तिथं समारंभासाठी फळा पुसत होते.

"पंधराशे त्रेचाळीस!" सर आनंदानं म्हणाले. "बाकी..."

"शून्य," सुनीता म्हणाली. "सतरा खोटा हाय सर. शून्य."

सरांनी फडकं खाली ठेवलं. मग त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि भागाकार मांडला. मी दारात उभी होते. तेवीस हजार एकशे पासष्टात पंधरा वेळा. खाली वीस. शून्य उतरलं, पाच उतरला, एक वेळा. शेवटी चार हजार सहाशे एकोणतीस उरले. सरांनी त्याच्याखाली पंधराशे त्रेचाळीस त्रिक लिहिलं, चार हजार सहाशे एकोणतीस. मग रेघ मारली आणि रेघेखाली काही न लिहिता तसेच उभे राहिले.

"तेव्हा का सांगितलं नाहीस गो?" त्यांचा आवाज अगदी हळू होता. रागावलेला नव्हता.

सुनीता रडायला लागली. "तुमी म्हनायचे, तुटायची नाय. मला वाटलं, तुमाला वाईट वाटंल. तुमचा तोंड बघून लिवला सर."

सर पहिल्या बाकावर बसले. मुलांच्या बाकावर, गुडघे वर करून. मला वाटलं आता यांना काहीतरी होईल, मी पाणी आणायला वळले. तेवढ्यात ते म्हणाले, "चार म्हटलं तर मी तिला नऊ म्हणायला लावलं होतं." मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. "मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं बाई, काय यायला हवंय ते. मग पोरं दुसरं काय लिहिणार? हिच्यानंतर चारशे चार भागाकार झाले. चारशे चार. रात्ररात्र बसली असतील काही." आणि मग त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते रडणंही त्यांनी नीट केलं नाही, मध्येच थांबवून नाक पुसलं.

मग ते उठले. "पंधरा हजार तेरा," ते म्हणाले. "ही तरी मूळ आहे का, ते बघायला हवं. एकशे तेरापर्यंत जायचं. तीस भाजक. पंधरा तू घे, पंधरा मी घेतो."

"मला आता यायचा नाय सर. सोळा वर्सं झाली."

"येईल. घाई नाय आपल्याला."

फळ्याच्या एका बाजूला सर आणि दुसऱ्या बाजूला सुनीता. तिचे आकडे वेडेवाकडे पडत होते, ती एकेक गुणाकार बोटांवर मोजत होती, चुकलं की पदरानं पुसत होती. सर तिच्याकडे वळून बघत नव्हते. एकदा तिनं विचारलं, "सर, ह्यो बरोबर हाय का?" तर ते फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाले, "मला काय माहीत? करून बघ." मी बाकावर बसून दोघांकडे बघत होते. माझी चार वाजताची गाडी गेली. तीसही भाजकांना काही ना काही उरलं. या वेळी तिथं कुणालाच आधी माहीत नव्हतं काय यायला हवंय ते.

सरांनी लाल वही काढली. सुनीताच्या ओळीतला सतरा त्यांनी खोडला नाही. शेजारी तिलाच शून्य लिहायला लावलं आणि पुन्हा सही करायला लावली. आता ती सुनीता ढेबे नव्हती, आडनाव बदललं होतं, तर तिनं विचारलं, कुठली सही करू. "त्या वेळची कर," सर म्हणाले.

समारंभात फ्लेक्स लागलाच होता. छापलेला फ्लेक्स काढून कुठं ठेवणार, म्हणून अध्यक्षांनी काढू दिला नाही. त्याच्याखाली उभं राहून सर पाच मिनिटं बोलले. "आपली संख्या संयुक्त आहे. पंधराशे त्रेचाळीस गुणिले पंधरा हजार तेरा. हे सुनीता ढेबे हिनं सोळा वर्षांपूर्वी शोधलं. मी तिला ते सांगू दिलं नाही. चूक माझी." एवढंच. जुनी मुलं, चाळीसेक आली होती, ती एकमेकांकडे बघत राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग थांबवल्या. सहा मुलांपैकी एका मुलीनं विचारलं, "सर, मग चार हजार आठशे तेरा करायचा की नको?"

"ठरलं होतं ना? कर."

तिनं केला. नव्वद उरले. जेवणात शिरा होता, सगळे जेवून गेले.

मला वाटलं संपलं. मी तर मनातून सुटले होते. पण सर निवृत्त झाले आणि लाल वही पिशवीत घालून घरोघर फिरायला लागले. सुनीतानंतरच्या प्रत्येकाला जाऊन सांगायचं, संख्या तुटलेली होती, तुझ्या आधीच. तीनशेच्या आसपास मुलं. निम्मी मुंबईला, काही सुरतला, मुली सासरी. जे जवळ आहेत त्यांच्याकडे एसटीनं, जिथं गाडी जात नाही तिथं चालत. कुणी चहा देई. कुणाला आठवतच नसे. एक जण म्हणाला, "सर, एवढ्यासाठी आलात होय?" एकीनं विचारलं, "म्हंजी माझा चुकला व्हता काय?" सर तिला म्हणाले, "नाय गो, तुझा बरोबर होता. मी उगाच करायला लावला." हे मला त्यांच्याकडूनच कळायचं. अधूनमधून गाडीत भेटायचे, दर वेळी थोडे अधिक बारीक झालेले. मी म्हणायचे, "फोन करा की सर." ते म्हणायचे, "फोनवर सांगण्यासारखं नाही ते. मी काय म्हणतोय ते ऐकताना त्यांना मला बघता आलं पाहिजे, आणि रागवायचं तर रागवता आलं पाहिजे." रागावलं मात्र कुणीच नाही, त्याचाही त्यांना थकवा आला होता.

आमची शेवटची भेट महाडच्या स्टँडवर झाली. शनिवार होता, अर्ध्या दिवसाची शाळा करून मी उतरले, आणि सर वरंधच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. कुठल्याशा वाडीवर जाऊन आले होते, पँटीला गुडघ्यापर्यंत धूळ. मी शेजारी बसले. काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. "सर, सुनीता आधी माझ्याकडे आली होती. तुमच्याकडे यायच्या तीन आठवडे आधी. मी तिला गप्प राहायला सांगितलं."

"तीन आठवडे?"

"हो."

"हं," ते म्हणाले. त्यांनी मला काही बोलावं, चार शब्द सुनवावेत, असं मला फार वाटत होतं. त्यांनी पिशवीचा बंद सोडला, परत बांधला. गाडी लागली, गर्दी झाली, ते चढले आणि खिडकीशी बसले. मी खाली उभी होते. त्यांनी काच सरकवली.

"बाई, उद्या दासगावला जायचंय. तिथं दोघी दिल्यात. एकीचा नवरा जरा तापट आहे म्हणतात, परक्या माणसाला दारात उभा करत नाही. तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल."

दासगाव माझ्या घरापासून कितीसं लांब! पण माझे पाय दुखत होते. घरी आठवड्याचे कपडे पडले होते. आणि कुणाच्या तरी ओसरीवर बसून ती संख्या पुन्हा ऐकायची, त्या माणसानं माफी मागताना पुन्हा बघायचं, याचा मला खरंच कंटाळा आला होता.

"उद्या शाळा आहे हो सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "हो," ते म्हणाले, "शाळा आहे." आणि काच लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.